तीन नंबर झालं की कान्हेरी झालं?

"झालं बघून, वर नुसते दगड आहेत." बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यापाशी कानावर पडलेलं हे वाक्य. मग सेल्फी आणि परतीची बस.

हे तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, देखणं आहेच. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे 7 मीटरचे बुद्ध, कुणीही थबकेल. पण इथं शंभराहून जास्त लेणी आहेत आणि खरी गंमत त्या 'नुसत्या दगडां'तच आहे.

वर चढताना पायाखाली बघा. कातळात पन्हळी खोदल्यात. पावसाचं पाणी त्यातून लेण्याच्या दाराशेजारच्या पोढीत, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यात उतरतं. जवळपास प्रत्येक विहाराची, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याची, अशी स्वतंत्र सोय. आपल्या सोसायट्यांना टँकर लागतो, असो.

11 नंबरात जमिनीतूनच कोरलेले दोन लांबलचक बाक आहेत. 41 मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. तिथवर फार थोडे जातात.

सोमवारी बंद असतं. मुख्य गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, म्हणून सकाळची पहिली बस गाठा. लेण्यांचं तिकीट पार्कच्या तिकिटापेक्षा वेगळं. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतातच, सॅकमध्ये टाका. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाची चप्पल नकोच.

पाय शिल्लक असतील तर पश्चिमेला मंडपेश्वरचं शैव लेणं. आत नटराज, वर पोर्तुगीज चर्चचे अवशेष.

तुम्ही तीन नंबरच्या पुढे गेलाय का कधी?