एका रकान्यात अडकलेला प्रकल्प

इंग्रजी वाक्यांतील व्याकरणिक संदिग्धता संगणकाकडून सोडवून घेण्याच्या माझ्या प्रकल्पात सर्वाधिक वेळ खाल्ला तो प्रस्तावाच्या अर्जावरील ‘विभाग’ या रकान्याने. कोल्हापुरातील माझ्या संस्थेच्या अर्जात त्यापुढे एकच नाव लिहिता येते. इंग्रजी विभागाने ‘हे प्रोग्रॅमिंग आहे’ म्हणून आणि संगणक विभागाने ‘हे व्याकरण आहे’ म्हणून कागद परत पाठवले, आणि छाननी समितीची बैठक सतत पुढे ढकलली गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण हा प्रश्न मुळातच एका विभागात मावणारा नाही.

तो समितीला पटावा म्हणून मी अखेर दोन वाक्ये लिहून दिली : ‘ही एट मिसळ विथ अ स्पून’ आणि ‘ही एट मिसळ विथ पाव’. दोन्हींची घडण सारखीच आहे. तरीही ‘विथ’पासूनचा तुकडा पहिल्यात खाण्याच्या क्रियेला जोडायचा असतो, दुसऱ्यात मिसळीला. हे व्याकरणाच्या नियमांवरून ठरत नाही. चमचा हे साधन आणि पाव हा खाद्यपदार्थ, या जाणिवेवरून ठरते. कर्मापुढे असा एक तुकडा आला तर वाक्याच्या 2 रचना संभवतात, दोन आले तर 5 आणि तीन आले तर 14. ही वाढ कॅटलन संख्या या झपाट्याने वाढणाऱ्या गणिती मालिकेप्रमाणे होते, असे चर्च आणि पाटील या संशोधकांनी 1982 मध्येच दाखवले आहे.

त्यावर समितीचा आक्षेप आला की, व्याकरणात उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक, मग अचूकता शंभर टक्के का नाही? येथे रत्नपारखी, रेनर आणि रूकोस यांचा 1994 चा अभ्यास कामी आला. क्रियापद, नाम, शब्दयोगी अव्यय आणि दुसरे नाम असे चारच शब्द दाखवल्यावर माणसांची अचूकता 88.2 टक्के होती, पूर्ण वाक्य दिल्यावर 93.2. कॉलिन्स आणि ब्रुक्स यांनी 1995 मध्ये कोणते शब्द कशाला जोडले गेले याच्या केवळ मोजणीवर 84.5 टक्के गाठले. माणूसच जिथे अडखळतो तिथे यंत्राकडून शंभराची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, असे मी स्पष्ट लिहिले. म्हणून सांगतो, तुलनेचे आकडे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर द्या.

दोन्ही विभागांतून एकेक मार्गदर्शक घेण्याची तोड निघाली आणि मंजुरी मिळाली. वर्डनेट या इंग्रजी शब्दांच्या अर्थानुसार मांडलेल्या संगणकीय कोशातून नामांचे अर्थवर्ग काढणे, मोजणी करणे, चाचणी घेणे हे पुढचे काम सुरळीत झाले. मात्र स्थानिक पदार्थांची नावे तिथे सापडण्याची आशा धरू नका. ‘मिसळ’ मला हाताने खाद्यपदार्थांच्या वर्गात घालावी लागली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : ‘ऑफ’ (of) ची वाक्ये वेगळी मोजा. हे अव्यय जवळजवळ नेहमीच आधीच्या नामाला जोडले जाते, त्यामुळे ती वाक्ये मिसळली की अचूकता फुगते आणि ‘विथ’चे खरे दुखणे झाकले जाते.