अंगठा मराठीत, निकाल इंग्रजीत

शेजारच्या बाईंनी परवा मला एक पत्र दाखवलं. वय सत्तरीच्या पुढचं, सगळी हयात मासळीच्या कारखान्यात गेलेली. काही वर्षांपूर्वी त्या रक्तदाबाच्या औषधाच्या एका अभ्यासात सहभागी झाल्या होत्या. त्याचा निकाल आता घरपोच आला होता. साध्या, बोलल्यासारख्या नॉर्वेजियनमध्ये दोनच पानं. किती जणांनी भाग घेतला, औषधाने फरक पडला की नाही, त्रास कुणाला आणि काय झाला, आणि शेवटी तुमच्यामुळे हे कळू शकलं म्हणून आभार. बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. विजेचं बिल लावतात त्याच फायलीत त्यांनी ते लावून टाकलं. मला मात्र रात्री झोप येईना.

नॉर्वेतल्या या बर्गन शहरात यायच्या आधी मी नाशिकमध्ये क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या औषध-चाचण्यांची, कोऑर्डिनेटर होते. माझं अर्धं काम म्हणजे संमतीपत्र. इंग्रजीवरून मराठी करायचं, मराठीवरून दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजी करून घ्यायचं, दोन्ही ताडून पाहायचं, एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात पेशंटच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, शिक्का मिळवायचा आणि मग पेशंटसमोर बसून ओळ न ओळ समजावायची. सहभागी माणसाला कळेल अशाच भाषेत माहिती दिली पाहिजे, हे २०१९च्या औषध-चाचणी नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आम्ही ते मनापासून पाळायचो. सुरगाण्याकडच्या एक मावशी आठवतात. घरी बोलायच्या तिकडच्या आदिवासींची कोकणी (गोव्याची नव्हे), त्यामुळे माझी मराठीही त्यांना शाळेतल्या बाईंसारखी वाटायची. तासभर ऐकून घेतलं, नातवाला दोनदा विचारलं, मग स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवला. साक्षीदाराची सही झाली. उठताना म्हणाल्या, "मग काय निघालं ते कळवशील ना गं, बाई?"

मी वर विचारलं. पेपर छापून येईल, असं उत्तर मिळालं. पेपर खरंच छापून आला. इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात, आणि पूर्ण वाचायचा तर पैसे भरून. मावशींच्या पाड्यापर्यंत तो पोचण्याची कुठे वाटच नव्हती. संशोधनात भाग घेणाऱ्याला निकाल जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे, हे वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या जागतिक हेलसिंकी जाहीरनाम्यात २०१३ पासून आहे. प्रत्येक एथिक्स कमिटीच्या तोंडी हा जाहीरनामा असतो. पण अंगठा घेताना मराठीचा जेवढा आग्रह धरला जातो, त्याचा दहावा हिस्साही निकाल सांगताना कुणी धरत नाही. इकडे युरोपात औषधाची चाचणी संपल्यावर साधारण वर्षभरात सामान्य माणसाला समजेल असा सारांश जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नवा नियम २०२२ पासून लागू झाला, नॉर्वेलाही.

त्याहून मला हलवलं ते इथल्या डॉक्टरांच्या मासिकाने. नॉर्वेच्या डॉक्टर संघटनेचं हे नियतकालिक १८८१ पासून निघतं, नॉर्वेजियनमध्ये. आमच्या विभागात जेवणाच्या टेबलावर त्याचा अंक पडलेला असतो आणि प्राध्यापकापासून नर्सपर्यंत सगळे तो चाळतात. त्यातला संशोधनाचा लेख वेबसाइटवर नॉर्वेजियनमध्येही असतो आणि इंग्रजीतही, आणि वाचायला एक पैसा लागत नाही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या जागतिक ऑनलाइन सूचीत, शोधलात तर सापडतो. गावातला डॉक्टर आपल्या भाषेत वाचतो, नाशिकचा डॉक्टर इंग्रजीत वाचू शकतो. आता हे पाहा: नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन्न लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची एकसष्ट लाख होती. म्हणजे मालेगाव, निफाड, येवला, पेठ असे एका जिल्ह्यातले सगळे तालुके मिळून जेवढी माणसं होतात, त्यापेक्षा कमी माणसांची भाषा वैद्यकाचं संशोधन गेली एकशे चाळीस वर्षं पेलते आहे. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर. हे गणित मी इथे आल्यापासून किती वेळा मनात केलं असेल.

पण हेच गणित दुसऱ्याने मांडलं की मला सोसत नाही. एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे डॉक्टर पेशंटशीही इंग्रजीतच बोलतात का?" माझा आवाज चढला. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत एक सकाळ उभं राहून बघ म्हटलं. केसपेपर इंग्रजीत असेल, पण बोलणं सगळं मराठीत, अहिराणीत, हिंदीत, आणि तेही रांग दारापर्यंत गेलेली असताना. महाडमध्ये विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं संशोधन १९८२ मध्ये लॅन्सेट या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळं वाचवली, ते १९९९ मध्ये त्याच लॅन्सेटने छापलं. हे त्यांनी फक्त मराठीत लिहिलं असतं तर जगाच्या कानावर गेलं नसतं. शिवाय आपल्याकडे इंग्रजीला पर्याय तरी काय? महाडच्या डॉक्टरने मराठीत लिहिलं तर मदुराईचा वाचणार कसा? जवळजवळ एकच भाषा, श्रीमंत सरकार आणि मूठभर माणसं असलेल्या देशाने आम्हाला शिकवू नये. हे सगळं मी त्याला सुनावलं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही.

खरं तर इंग्रजीत लिहूनही भागत नाहीच. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच भारतातल्या एका इंग्रजी नियतकालिकात लिहिलं होतं. जगाने ते मनावर घेतलं १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आल्यावर. अठरा वर्षं! भाषा तीच होती, फक्त छापखान्याचा पत्ता बदलला.

आणि भाषेचा फटका या बर्गनलाही बसलेला आहे. कुष्ठरोगाचा जंतू याच शहरात १८७३ मध्ये गेरहार्ड आर्माउर हान्सेनला दिसला. पुढच्या वर्षी त्याने ते नॉर्वेजियनमध्ये प्रसिद्ध केलं, १८७५ मध्ये इंग्रजीत. तरीही १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर इथे आला, हान्सेनकडून नमुने घेऊन गेला, त्यांना रंग देऊन जंतू स्पष्ट दाखवला आणि शोधाचं श्रेय स्वतःकडे घ्यायला निघाला. त्या काळात वैद्यकाची मोठी भाषा जर्मन होती. हान्सेनला आपला हक्क भांडून राखावा लागला. पण याच हान्सेनने कारी निल्सदात्तर या पेशंटच्या डोळ्यात, तिला न विचारता, कुष्ठरोगाच्या गाठीतला अंश टोचला होता. तिने दाद मागितली आणि १८८० मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवून रुग्णालयातल्या पदावरून काढलं. इतकी वर्षं संमतीपत्रं हाताळल्यावर मला हान्सेनपेक्षा या बाईचं नाव जास्त मोठं वाटतं.

आपल्याकडचा धागाही इथपर्यंत येतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हँडाइक कार्टर, काही वर्षं साताऱ्याचे सिव्हिल सर्जनही होते, ते कुष्ठरोगाचा अभ्यास करायला १८७३ मध्ये नॉर्वेत आले होते. त्यांचा अहवाल १८७४ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. बर्गनचं ज्ञान लंडनमार्गे मुंबईच्या डॉक्टरांना मिळालं. ज्यांच्या अंगावर तो रोग होता त्यांच्या भाषेत ते कधी उतरलं असेल, हे शोधायला मला आवडेल.

परदेशात बसून नाशिकला शहाणपण शिकवते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गाव माझं आहे. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, म्हसरूळला, १९९८ पासून. राज्यभरातले एमडी, एमएसचे प्रबंध त्याच्याकडे जातात. असा कुठलाही प्रबंध उघडा. शंभर-सव्वाशे पानं इंग्रजी, आणि पार शेवटी परिशिष्टात, मास्टर चार्टच्या (सगळ्या पेशंटच्या नोंदींच्या तक्त्याच्या) आगेमागे, मराठी संमतीपत्र. मराठीला जागा तेवढीच. तिथेच आणखी एक पान का नसावं? 'आम्हाला काय आढळलं', मराठीत, पेशंटला वाचून दाखवता येईल असं. एमडी, एमएस करणाऱ्या ज्या रेसिडेंट डॉक्टरने ओपीडीत दीडशे माणसांना संमतीपत्र मराठीत समजावलं, त्याला निकाल मराठीत सांगता येणार नाही हे मी मानत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले. त्या दर्जासाठी कुणाला प्रबंध मराठीत लिहायला लावा असं मी म्हणत नाही. एक पान मागते आहे.

आधीच थकलेल्या पोरांवर आणखी एक काम, असं नाशिकची माझी डॉक्टर मैत्रीण म्हणाली. तिचं खरं आहे. छत्तीस तासांची ड्यूटी केलेल्या माणसाकडे काही मागताना मलाही जड जातं. म्हणून एवढंच सांगते. हे वाचणाऱ्यांत कुणी नाशिक, धुळे, संभाजीनगरकडे एमडी करत असेल आणि प्रबंध संपत आला असेल, तर ते एक पान कच्चं लिहून मला पाठवा. आकडे तपासून, भाषा सोपी करून चार दिवसांत परत पाठवीन. इथे संध्याकाळी मला वेळ असतो. मात्र ते पान पेशंटपर्यंत पोचवायचं काम तुम्हालाच करावं लागेल.