नावापुढचं टिंब

आज सकाळी अंगणवाडीच्या ताई आल्या होत्या. आमच्या बूथच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, त्याच आहेत. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "नानांचं नाव अजून यादीत हाय. फॉर्म सात भरून द्या, म्हंजे कमी करता येईल." फॉर्म ठेवून गेल्या. कमी करणं हाच शब्द त्यांच्या कामाचा आहे, त्यांचं काही चुकलं नाही. पण दिवसभर तो शब्द कानात राहिला.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या मयताचा दाखला मी त्यांच्याच पेटीत टाकला होता. तो काढायला गेलो तर खाली याद्यांचा गठ्ठा. १९८५ पासूनच्या मतदार याद्या, प्रत्येक निवडणुकीची वेगळी सुतळीने बांधलेली. कडा उंदरांनी खाल्ल्यात. १९८० पासून नाना काकांचे, म्हणजे कराड दक्षिणच्या विलासराव पाटील-उंडाळकरांचे, पोलिंग एजंट. काका सात वेळा आमदार झाले, १९८० ते २००९, आणि सातही वेळा आमच्या बूथवर पहाटे पाचला पहिली पोचणारी सायकल नानांची. पुढे सायकलची लूना झाली, एवढाच फरक.

नानांची खुणांची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती. टिक म्हणजे आपलं. फुली म्हणजे गेलेलं. टिंब म्हणजे काठावरचं. हे सगळं शिसपेन्सिलीने, कारण माणूस शेवटच्या रात्रीही फिरतो, खोडता आलं पाहिजे. टिंब असलेल्या घरी नाना स्वतः जायचे. एकदा नाही, तीन-तीनदा. ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, उसाच्या बिलापासून सुरुवात करायचे आणि उठताना फक्त एवढंच म्हणायचे, "ध्यानात असू दे."

२०१४ ची यादी उघडली. आमचं घर काढलं. आजी टिक, नाना टिक, आई टिक. माझ्या नावापुढे टिंब.

बराच वेळ तसाच बसून राहिलो. टिंबही कसं, पेन्सिल टेकवून फिरवलेलं, बारीक छिद्र पडेल इतकं. पाठीमागच्या पानावर त्याचा फुगवटा बोटाला लागतो.

त्या वर्षी मी बाबांना, म्हणजे पृथ्वीराज चव्हाणांना, मत दिलं होतं. सात वेळच्या आमदाराचं तिकीट कापलं गेलं होतं, काका अपक्ष उभे होते, नानांना आठ दिवस नीट जेवण गेलं नव्हतं, हे सगळं डोळ्यासमोर दिसत असताना दिलं. मला वाटत होतं, मुख्यमंत्री राहिलेला माणूस आपल्या तालुक्यातून पहिल्यांदाच विधानसभेला उभा राहतोय, त्याला आपणच पाडायचं का? अजूनही ते मत चूक होतं असं वाटत नाही. चूक पुढची. १५ ऑक्टोबरला दुपारी मत देऊन बाहेर आलो, तर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे लिंबाखाली नाना भाकरी खात बसले होते. "केलंस का रं?" म्हणाले. मी म्हणालो, "व्हय नाना. काकांनाच."

त्यांनी विचारलंही नव्हतं कुणाला. मीच सांगितलं.

चार दिवसांनी निकाल लागला. बाबा ७६,८३१, काका ६०,४१३. नाना त्या रात्री अंगणात झोपले. मी आतल्या खोलीत पडून सोळा हजारांत माझं एक किती, असला हिशेब करत होतो. त्यात लाजही होती आणि सुटकाही.

म्हणजे नानांना मतदानाच्या आधीपासून माहीत होतं. दहा वर्षं मी ते खोटं छातीवर घेऊन फिरलो, त्यांना कळलं तर काय वाटेल म्हणून. आणि ते ऐकतानाच त्यांना कळलं होतं की पोरगं खोटं बोलतंय. तोंडातला घास तसाच चावत राहिले होते. मला तो चेहरा आता आठवतो आणि आठवतोय तोच खरा होता की मी आज तयार केलाय, हेही कळेनासं झालंय.

पण सकाळपासून खरं टोचतंय ते वेगळंच. टिंब असलेल्या प्रत्येक घरी ते जायचे. माझ्याकडे का आले नाहीत? एकाच घरात, एकाच ताटात जेवत होतो. एक शब्द टाकला असता, "ध्यानात असू दे" म्हणाले असते, तर कदाचित मी फिरलोही असतो. परक्यांच्या ओट्यावर तीनदा जाणाऱ्या माणसाला सोप्यातून माजघरात येता आलं नाही? मी त्यांच्या लेखी समजूत घालण्याच्याही लायकीचा नव्हतो का? दुपारी हे बायकोजवळ बोललो. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं सांगितलंत त्यांना?" आणि भांडी घासायला गेली.

आमच्या घरात हे बहुतेक पिढीजात असावं. आजोबांनी १९५२ ला भाऊंना, म्हणजे यशवंतराव मोहित्यांना, मत दिलं ते शेकापचे म्हणून. भाऊ पुढे काँग्रेसमध्ये गेले, तर आजोबाही मागे गेले, पण त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही म्हणतात. १९८० ला भाऊ खासदार होऊन दिल्लीला गेले आणि इथे काका आले. नाना काकांचे झाले, आजोबा मनाने भाऊंचेच राहिले. कृष्णा साखर कारखान्यावरून भाऊ आणि आप्पा, म्हणजे जयवंतराव भोसले, हे सख्खे भाऊ समोरासमोर आले, तेव्हा तर कृष्णाकाठी घराघरात दोन चुली झाल्या. आमच्यात चूल एकच राहिली. अबोला मात्र होता. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

२०१९ च्या यादीतही माझ्यापुढे टिंबच आहे. तेव्हा काकांचे चिरंजीव उदयदादा अपक्ष होते, बाबा ९,१३० मतांनी आले. पुढच्या वर्षी काका आणि बाबा एका व्यासपीठावर आले. टीव्हीवर बघून नाना "बरं झालं" म्हणाले आणि बैलाला वैरण टाकायला उठले. जानेवारी २०२१ मध्ये काका गेले. नाना चार दिवस घराबाहेर पडले नाहीत.

आणि मग २०२४ ची यादी. ती पाहताना मात्र मला एक गोष्ट आठवली, जी इतक्या दिवसांत आठवली नव्हती. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, एजंट म्हणून पोरं बसणार होती, तरी यादी त्यांनी मागून घेतली. मी नावं वाचायची, त्यांनी सांगायचं, मी खूण करायची. टिक. टिक. फुली. टिंब, ह्याच्याकडं मला घेऊन चल. असं चालत चालत आमचं घर आलं. मी नानांचं नाव वाचलं आणि थांबलो. ते म्हणाले, "फुडचं घर घे."

त्या यादीत आमच्या घरापुढे काहीच खूण नाही. चारही नावं कोरी आहेत.

त्या वेळी मत आम्ही दोघांनी एकाच चिन्हाला दिलं, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना गाडीवर बसवून नेलं होतं. परत येताना मी न राहवून म्हणालो, "नाना, हातालाच टाकलं." माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी जरा दाबला. "ठावं हाय," म्हणाले. तीन दिवसांनी ३९,३५५ मतांनी पडलो. आप्पांचा नातू आमदार झाला. नाना निकाल ऐकून म्हणाले, लोकांनी दिलं ते दिलं, आणि जेवायला बसले. नीट जेवले. मीही जेवलो.

"ठावं हाय" म्हणजे नेमकं काय ठाऊक होतं, ते आज संध्याकाळपर्यंत मला एकच वाटत होतं. आता दोन-तीन वाटतायत. त्यातलं जे बरं वाटेल ते धरावं म्हणतो. खांद्यावरचा हात काही खोटा नव्हता.

याद्या परत सुतळीने बांधून ठेवल्यात. कडुनिंबाचा पाला घातलाय. फॉर्म सात भरला, सही केली, नात्याच्या जागी मुलगा लिहिलं. दाखल्याची झेरॉक्स राहिलीय. उद्या ओंडला जायचंय, तिथं काढून घेईन.