तुम्ही विचारलंत म्हणून: काळी दोन का?

गाणं संपून चहा आला की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही पुरुषांच्या पट्टीत का गाता?" पुण्यातले श्रोते जाणकार, पट्टीही अचूक ओळखतात. काळी दोन, म्हणजे माझा सा पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. बायका बहुधा त्याहून वर, काळी चार-पाचच्या आसपास गातात. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

शाळेत असल्यापासून माझा आवाज जाड. फोन उचलला की पलीकडून, "दादा, आई आहे का घरी?" एका स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मुलीच्या आवाजात गोडवा हवा. ते मी फार मनावर घेतलं. दहा वर्षं काळी चारमध्ये गायले. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, मानेच्या शिरा फुगायच्या, त्याच्या वरचं सगळं खोट्या आवाजात. कॅसेटवरच्या मोठ्या गायिकांच्या हरकती, म्हणजे सुरांची छोटी वळणं, जशाच्या तशा उचलायचे आणि त्याला शाबासकीही मिळायची. मग एकदा आवाज बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या आणि महिनाभर मौन सांगितलं.

त्यानंतर सदाशिव पेठेतल्या एका वृद्ध गुरुजींकडे गेले. त्यांनी गायला सांगितलंच नाही. पेटी पुढ्यात ओढून म्हणाले, "येताना काय काय दिसलं ते सांग." मी सांगत राहिले, शनिपारापाशी अडकलेली बस, मंडईतली मेथी, पावसात भिजलेली पुस्तकं. ते भाता हलवत एकेक पट्टी दाबून पाहत होते. एका सुरावर बोट थांबलं. "तुझं बोलणं इथं येऊन टेकतंय. हा तुझा सा."

मला रडू आलं. इतकी वर्षं मी रोज त्याच सुरात भाजी मागत होते, आईशी भांडत होते, आणि गाताना तेवढं दुसरीकडे जाऊन बसत होते.

यात गूढ काही नाही. स्वरतंतू लांब आणि जाड असले की सावकाश कंप पावतात. बोलताना बायकांची कंपनं साधारण सेकंदाला 200च्या आसपास असतात, पुरुषांची 120च्या. माझी मधे कुठेतरी. उंची असते तसंच हे.

त्या दिवशी गुरुजींनी गंगूबाई हनगल ऐकवल्या. आधी तरुणपणचं ध्वनिमुद्रण, बारीक, टोकदार आवाजाचं. मग घशाच्या दुखण्यानंतरचा तो रुंद, भरदार आवाज. दोन्ही एकाच बाईंचे, यावर माझा विश्वास बसेना. त्या सवाई गंधर्वांच्या शिष्या, ज्यांच्या स्मरणार्थ 1953पासून आपल्याकडे महोत्सव होतो. मग हिराबाई बडोदेकर लावल्या. त्याही गंगूबाईंच्याच किराणा घराण्याच्या, म्हणजे गायकीच्या एकाच परंपरेतल्या, पण आवाज किती नाजूक! राग स्वरास्वरानं उलगडायची शिस्त दोघींची एकच. गंगूबाईंनी हिराबाईंसारखा आवाज काढायचा ठरवलं असतं तर आपण काय गमावलं असतं, या विचारानं मला आजही धस्स होतं.

पण पट्टी सापडली म्हणजे गाणं सापडलं असं झालं नाही, आणि याबद्दल मला कुणी विचारत नाही. जुन्या हरकती खाली आणल्या तर त्या निर्जीव वाटायला लागल्या, कारण त्या दुसऱ्यांच्या गळ्यांच्या होत्या. सहा महिने गुरुजींनी पहाटे फक्त खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, भरायला लावला. मग पूरिया दिला, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खुलणारा राग. मंद्र निषादावर, खालच्या 'नी'वर, मी थांबले, आणि थांबता येतंय हे लक्षात आलं. तिथं घाई नव्हती, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. त्या निषादावरून रिषभाकडे, 'रे'कडे, जाताना जे वळण घेतलं गेलं, ते मी कुठेही ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर मिरजेहून मोठा, मर्दानी घडणीचा तंबोरा आणवला. जुना छोटा गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवला, विकवेना.

गेल्या वर्षी एक मुलगी शिकायला आली. पहिल्याच दिवशी काळी दोनमध्ये गायला बसली, आवाज दाबून, हनुवटी छातीला लावून. हुबेहूब माझ्या लकबी. ऐकताना माझाच घसा दुखायला लागला. मी तिला थांबवलं आणि विचारलं, येताना काय काय दिसलं? ती भराभर बोलत सुटली, मी पट्ट्या दाबत वर वर गेले. काळी पाचवर तिचं बोलणं टेकलं. उठून छोट्या तंबोऱ्याची गवसणी काढली, तारा बदलल्या आणि तो तिच्या मांडीवर दिला.