तुम्ही विचारलंत म्हणून: चार वळणांत काय दिसते?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील ब्रेकेनरिजला माझ्याकडे स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे, शिकायला येणारी मराठी मंडळी मला हमखास विचारतात की, चार-पाच वळणे पाहून शिकणाऱ्याचे नेमके काय चुकते आहे हे तुम्हाला कसे कळते? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

मी आधी बोर्डाकडे पाहते, माणसाकडे नंतर. अमेरिकन असोसिएशन ऑफ स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर्स बोर्डाच्या हालचाली चार अंगांनी पाहायला शिकवते: टिल्ट म्हणजे बोर्ड कडेवर किती कलतो, ट्विस्ट म्हणजे त्याला लांबीत किती पीळ बसतो, पिव्हट म्हणजे तो बर्फावर किती फिरतो आणि प्रेशर म्हणजे त्यावर भार कुठे व केव्हा पडतो. बर्फावरचा मागही बोलका असतो. बारीक रेघ उमटली तर बोर्ड कडेवर धावला, रुंद पट्टा उमटला तर तो घसरला. घसरणे हा नवशिक्याचा दोष मी मानत नाही, कारण वेग आवरायला तेच कामी येते. मात्र सगळा बर्फ वळणाच्या शेवटीच उडत असेल, तर बोर्डाची कड बर्फाला उशिरा लागली आहे, हे नक्की.

त्यानंतर नजर घोटे, गुडघे, कंबर, खांदे अशी वर चढते, आणि खरे काम इथेच सुरू होते, कारण जे डोळ्यांत भरते ते बहुधा कारण नसून परिणाम असतो. उताराला घाबरलेला माणूस मागच्या पायावर रेलतो, पुढचा भाग हलका झाल्याने बोर्ड वळत नाही, मग तो खांदे गरकन फिरवून मागचा पाय फेकतो. त्याला ‘खांदे स्थिर ठेवा’ असे सांगणे मला व्यर्थ वाटते. मी त्याला सौम्य उतारावर नेते. तिथे खांदे आपोआप शांत झाले, तर अडचण भीतीची होती.

टाचेकडच्या बाजूच्या कडेवर घेतलेले वळण पाहा. बोर्ड थडथडत, उड्या मारत घसरतो, आणि पाहावे तर पाय ताठ, कंबरेत वाकणे आणि नितंब मागे काढलेले. असे शरीर बर्फाचे धक्के पचवू शकत नाही. मी घोटे आणि गुडघे वाकवायला, पायाची बोटे नडगीकडे खेचायला सांगते. तरीही फरक पडला नाही, तर खाली बसून बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी पकड, तपासते: पोटरीमागचा हायबॅक फार सरळ असेल, तर कड उशिरा लागते आणि ती लागावी म्हणून माणूस मागे झुकतो. भाड्याच्या सामानात हे वारंवार आढळते. शिवाय इथला पायथाच सुमारे 9,600 फुटांवर आहे, त्यामुळे दुपारनंतर दिसणारा ढिलेपणा पुष्कळदा निव्वळ थकवा असतो, आणि त्यावर पाणी व विश्रांती हाच उपाय.

एका वेळी मी एकच दुरुस्ती सांगते, तीही शक्यतो पायांची, आणि पुढची वळणे खालून व मागून, अशी दोन्हीकडून पाहते. माग बदलला नाही, तर शिकणाऱ्यावर आवाज न चढवता मी दुसरे कारण शोधते.