पुष्य सापडलं ते फाइंडरमध्ये

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली शनिवारची सकाळ. ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या दुर्बिणींच्या वर्कशॉपसमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण उतरली. ट्यूब गोधडीत गुंडाळलेली, एक टोक आजीच्या मांडीवर, दुसरं नातवाच्या. आजी निवृत्त शिक्षिका, गळ्यात मानेचा पट्टा. पाचव्या मिनिटाला मी त्यांना बाई म्हणू लागलो होतो.

“दुर्बिणीत दोष आहे,” बाई म्हणाल्या. “चंद्र दिसतो, मृगातला तेजोमेघ दिसतो. पुष्याचा तारकागुच्छ मात्र दीड महिना शोधतेय, सापडत नाही.”

पुष्यच का, असं मी विचारलं. “मुलांकडून सत्तावीस नक्षत्रं पाठ करून घेण्यात जन्म गेला. गुरुपुष्यामृताला सोनाराकडे रांग लागते. त्या रांगेतल्या कुणी पुष्य पाहिलंय का? मीही नाही पाहिलेलं.”

कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी तपासली, ती ठीक होती. आरसाही स्वच्छ. मग नजर गेली ट्यूबवरच्या प्लास्टिकच्या रेड डॉट फाइंडरकडे, म्हणजे दुर्बिणीचा नेम धरायच्या साधनाकडे. यात काहीच मोठं दिसत नाही. एलईडीचा लाल ठिपका तिरक्या काचेवर परावर्तित होतो आणि आकाशावर टेकल्यासारखा दिसतो, एवढंच. ठिपका ताऱ्यावर आणायचा तर तारा आधी डोळ्यांना दिसायला हवा. बाई राहतात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ. पुष्य कर्क राशीत, आणि तिथले ठळक तारेसुद्धा जेमतेम चौथ्या प्रतीचे, म्हणजे मंदच, त्या गच्चीवरून एकही दिसत नाही. लोक माझ्याकडे टेलराड मागतात, म्हणजे ठिपक्याऐवजी आकाशावर लाल वर्तुळं दाखवणारा फाइंडर. अर्धा, दोन आणि चार अंशांची त्याची वर्तुळं मलाही फार आवडतात, माळशेजच्या अंधारात तर मी दुसरं काही लावणार नाही. पण ठाण्यात ती वर्तुळं कशाभोवती धरणार? शहरात किमान ५० मिमीचा, भिंगांचा फाइंडर हवाच, असं माझं ठाम मत आहे.

“जुळवला कशावर होतात?” मी विचारलं. नातू म्हणाला, “समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर.” टाकी वीसेक मीटरवर. फाइंडर आणि मुख्य ट्यूब यांच्या मध्यरेषांत वीस सेंटिमीटर अंतर. इतक्या जवळच्या वस्तूवर दोन्ही जुळवले, तर आकाशात अर्ध्या अंशाहून जास्त चूक होते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून जास्त. बाईंच्या २५ मिमी आयपीसमधून दिसतो जेमतेम एक अंश. मृगाचा तेजोमेघ ठळक, इकडेतिकडे हलवलं की हाती लागतो. पुष्य कसं लागणार?

आणि मान. पुष्याच्या गुच्छाची क्रांती (आकाशातले अक्षांश म्हणा) उत्तर १९.७ अंश, ठाण्याचं अक्षांश १९.२. म्हणजे तो आपल्याकडे अगदी डोक्यावरून जातो. तेव्हा रेड डॉटमधून बघायचं तर गुडघे टेकून, मान मोडून वर पाहावं लागतं. पट्टा कुठून आला, ते मला न विचारताच कळलं.

माझ्याकडे ८×५० चा, म्हणजे आठपट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगाचा काटकोनी फाइंडर होता, ॲमिसी प्रिझमचा. त्याला डोळा बाजूने लावायचा. त्यात चित्र सुलट दिसतं, डावं-उजवंही बदलत नाही, त्यामुळे नकाशा जसाच्या तसा ताडून बघता येतो. साधा आरसा असलेल्या काटकोनी फाइंडरात नकाशा उलटा छापल्यासारखा वाटतो, नवखा माणूस तिथेच हरतो. रेड डॉट काढायचा नव्हता. त्याने ढोबळ रोख धरायचा आणि ८×५० मधून दिसणाऱ्या सहा अंश आकाशात नेमकं शोधायचं.

दुसऱ्या फाइंडरसाठी दुसरा शू, म्हणजे फाइंडर अडकवायची खाच लागणार होती. ती कुठे बसवायची हे कॅटलॉग सांगत नाही. बाईंना स्टुलावर बसवलं, ट्यूब साठ अंशांवर धरली, मुख्य आयपीसला डोळा लावायला सांगितलं. मग म्हटलं, न उठता डोकं जरा डावीकडे घ्या. डोळा जिथे आला त्या हिशोबाने ट्यूबवर खडूची खूण केली. शिंपी माप घेतो तसंच हे.

भोक पाडण्याआधी मुख्य आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर काढला, दुय्यम आरशावर पिशवी बांधली आणि आतून मास्किंग टेप लावली. ट्यूब लोखंडी, कीस आरशावर पडला तर कोटिंग गेलंच म्हणून समजा. उरलेला कीस लोहचुंबकाने टिपला. गोल ट्यूबवर सपाट शू डुगडुगतो, म्हणून त्याचं बूड अर्धगोल कानशीने घासत बसलो. तासभर गेला. रेड डॉटच्या बॅटरीला सिरीजमध्ये एक छोटा पॉट, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण जोडलं. मूळ ठिपका सर्वांत मंद ठेवूनही इतका भगभगीत होता की मागचा तारा गिळायचा.

संध्याकाळी मीच त्यांच्या गच्चीवर गेलो. सूर्य बुडाल्यावर पारसिकच्या डोंगरावरचा लांबचा टॉवर धरून दोन्ही फाइंडर जुळवले. अमावस्या जवळ होती. साडेआठला पुनर्वसूचा पोलक्स आणि मघा यांच्यामध्ये, पोलक्सकडे जरा सरकवून, बाईंनी ठिपका ठेवला. डोळ्यांना तिथे काहीच नव्हतं. मग ८×५० ला डोळा लावला.

बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. “कडेला आहे. मूठभर रांगोळी पडल्यासारखं,” शेवटी म्हणाल्या. हळूच ट्यूब ढकलून गुच्छ मध्यावर आणला आणि मुख्य आयपीसकडे वळल्या. तिथेच त्या थबकल्या.

“अहो, हे तर मी पाहिलंय! दोनदा. साधे विखुरलेले तारे समजून पुढे गेले.”

मला त्या क्षणी काटा आला. गुच्छ दीड अंश पसरलेला, आयपीस एक अंशाचा. बाई पुष्याच्या आत उभ्या होत्या आणि पुष्य शोधत होत्या.

१६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या छोट्या दुर्बिणीतून याच गुच्छात चाळीसहून जास्त तारे पाहिले होते, हे मी सांगितलं. बाई पुन्हा फाइंडरला डोळा लावून मोजायला बसल्या, नातू वहीत रेघा मारू लागला. मोजणी तेविसाशी चुकली, त्यांनी पहिल्यापासून सुरू केली. सव्वादहाला गुच्छ माथ्यावर आला होता. बाई स्टुलावर ताठ बसून, समोर भिंतीकडे बघावं तसं फाइंडरमध्ये बघत होत्या. पट्टा कठड्यावर काढून ठेवलेला होता.