आम्ही एकत्र जातो, एकत्र चालवत नाही

मध्य आशियातल्या पामीर डोंगरांतल्या बाइक ट्रिपचे फोटो दाखवले की पहिला प्रश्न बाइकचा असतो. दुसरा थोडा आवाज खाली आणून विचारला जातो: इतके दिवस तीच माणसं, परका मुलुख, भांडणं नाही झाली? अलीकडे हा दुसरा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदा नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

झाली. पण ऐकणाऱ्याला वाटतं तशी पैशांवरून किंवा घोरण्यावरून नाही. घोरण्यावर कानात घालायचे बोळे मिळतात. बाइकवरच्या मित्रांचं खरं भांडण वेगावरून होतं. एकाला फोटो काढायचे असतात, एकाला उजेड आहे तोवर मुक्काम गाठायचा असतो, एकाला खडीवर भीती वाटते आणि ते तो बोलत नाही. पुढच्याला वाटतं मागचे रेंगाळतात, मागच्याला वाटतं पुढचे पळवतात. दोघांचंही बरोबर असतं, म्हणूनच ते मिटत नाही.

आमचा रस्ता होता एम-४१, किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेपर्यंत. ओश ते ताजिकिस्तानातलं खोरोग हा त्याचा अवघड तुकडा सोव्हिएत काळात, १९३०च्या दशकात बांधला गेला. बाइक ओशमध्ये भाड्याने घेतलेल्या, दुशान्बेला परत द्यायच्या बोलीवर. आम्ही गेलो तो २०१९चा उन्हाळा. पुढे २०२१मध्ये दोन्ही देशांत चकमकी झाल्या, सीमा बंद झाली, आणि सीमेचा करार व्हायला २०२५ उजाडलं. तेव्हा तुम्ही निघणार असाल तर आमच्या वेळच्या गोष्टींवर विसंबू नका, आजची स्थिती दूतावासाकडूनच विचारून घ्या.

ओशहून सारी-ताश या गावापर्यंत छान डांबर आहे. तिथवर आम्ही शिस्तीत गेलो: पुढे वाट दाखवणारा ‘लीड’, सगळ्यांच्या मागे राहणारा ‘स्वीप’, मधले एक डावीकडे एक उजवीकडे. बघणाऱ्याला हे भारी दिसतं. सारी-ताश सोडलं आणि त्या शिस्तीची धूळधाण झाली. खरोखरची धूळ. किझिल-आर्त खिंडीच्या चढावर डांबर संपतं, आणि पुढे काराकुल सरोवराच्या आसपास रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. ताशी वीसने गेलात तर दात वाजतात. पन्नासने गेलात तर चाकं लाटांच्या माथ्यावरून निघून जातात, पण ब्रेक लागायची खात्री नाही. प्रत्येकाने आपला वेग आपणच शोधायचा असतो. शिवाय पुढच्याची धूळ मागच्याच्या नाकातोंडात. जवळजवळ चालवणं हा तिथे मूर्खपणाच.

तेव्हा पहिल्या मोठ्या वादातून एक नियम निघाला. दिवसभर कुणी कुणासाठी थांबायचं नाही. फक्त आरशात मागचा बराच वेळ दिसला नाही तर थांबायचं, तरीही आला नाही तर मागे वळायचं. प्रत्येकजण आपल्या मागच्याला जबाबदार, पुढच्याला नाही. फाटा आला की पहिला पोहोचेल त्याने मागचा येईपर्यंत तिथे उभं राहायचं. बाकी तू तुझा, मी माझा. हा नियम आमचा नाही, जगभर रायडर तो पाळतात. पण तो नुसता माहीत असणं आणि धुळीने तोंड भरलेलं असताना मान्य करणं यात फरक आहे.

पेट्रोलचा हिशोब मात्र एकत्रच करावा लागतो. सारी-ताश ते मुर्गाब साधारण २३० किलोमीटर, मध्ये भरवशाचा पंप नाही. ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या हिशोबाने सगळ्यांचे कॅन. मुर्गाबला पेट्रोल बादलीतून नरसाळ्याने ओतून मिळतं, त्यामुळे गाळणीचं कापड जवळ हवं. यावरून कुणी भांडलं नाही. दिसणाऱ्या गरजेवरून माणसं भांडत नाहीत.

न दिसणारी गरज म्हणजे फुप्फुसं. ओश हजार मीटरच्या आत आहे. सारी-ताश ३,१००च्या वर, आणि काराकुल ३,९००च्या वर. उंचीच्या त्रासावरच्या डॉक्टरांचा सल्ला असतो की तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. ओशकडून चढणारा हा सल्ला पहिल्या एक-दोन दिवसांतच गुंडाळून ठेवतो. दुशान्बेकडून चढाल तर खोरोगपर्यंत २,२०० मीटरच होतात, शरीराला वेळ मिळतो. मला विचाराल तर मी आज तिकडूनच सुरुवात करीन.

काराकुलला आमच्यातला सर्वांत काटक माणूस आडवा झाला. डोकं फुटतंय, पोटात काही ठरत नाही. आता या गावाची गंमत बघा. ज्या सरोवराकाठी ते आहे ते उल्कापाताच्या विवरात आहे, भोवती डोंगर. पुढे मुर्गाबला जायचं तर आधी ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांहूनही कमी. मागे सारी-ताशला उतरायचं तर आधी ४,२८० मीटरची किझिल-आर्त, आणि तीच सीमा. आमचा किर्गिझ व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, बाहेर पडल्याचा शिक्का बसला होता. म्हणजे उतरण्यासाठी दोन्हीकडे चढावंच लागणार, आणि एका बाजूला तर दारच बंद. त्रास वाढला तर एखादी गाडी करून मुर्गाबला हलवायचं, नाहीतर एक दिवस इथेच काढायचा, असं ठरलं. गोळी, पाणी, झोप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जेवला आणि यजमानीणबाईंनी आमच्यापेक्षा मोठा श्वास सोडला.

भांडण त्यानंतर झालं, मुर्गाबला. एक दिवस गेला होता, परतीची विमानं ठरलेली, आणि कशावर तरी काट मारणं भाग होतं. ती काट वाखान खोऱ्यातल्या वाटेवर येत होती. अलिचूरच्या पुढे एम-४१ सोडून खारगुश खिंडीतून खाली लंगरला उतरलं की पंज नदी लागते. पलीकडचा काठ अफगाणिस्तान. वाटेत यामचुनचा किल्ला, त्याच्या वर बीबी फातिमाचे गरम पाण्याचे झरे. आमच्यातले दोघे या वाटेसाठीच आले होते. त्यांनी महिनोन्महिने नकाशे पाहिले होते. ‘एकाच्या डोकेदुखीपायी’ असं एकजण बोलून गेला, आणि ज्याचं डोकं दुखलं होतं तो समोरच बसला होता.

ती रात्र मी रंगवून सांगणार नाही, सांगण्यासारखी नव्हती.

सकाळी ज्याच्यावरून सगळं झालं त्यानेच तोड काढली: तुम्ही दोघं वाखानने जा, आम्ही सरळ जातो, खोरोगला भेटू. आम्हाला वाटलं, हे म्हणजे ट्रिप मोडणं. ‘सगळे बरोबर’ हे आमच्यात इतकं पवित्र होऊन बसलं होतं की त्यापायी कुणालाच हवी ती ट्रिप मिळत नव्हती. अटी ठरल्या. एकट्याने कुणी जायचं नाही, दोघं तरी हवेत. इश्काशिमपर्यंत पंपाचा भरवसा नाही, म्हणून जास्तीचे कॅन वाखानवाल्यांकडे. पंक्चरचं सामानही त्यांच्याकडे, कारण आमच्या रस्त्यावर ट्रक तरी भेटतात. आणि ठरल्या संध्याकाळी खोरोगला पोहोचले नाहीत तर दुसऱ्या सकाळी आम्ही इश्काशिमच्या बाजूने उलटं निघायचं.

ते अंधार पडायच्या आत आले. अंगावर बोटभर धूळ, आणि दोघेही एकदम बोलत होते. आम्हीही आमचं सांगत होतो. त्या रात्री पहिल्यांदा एकमेकांना सांगण्यासारखं काही होतं. तोवर सगळ्यांनी सगळं बघितलेलंच असायचं.

तेव्हापासून निघण्याआधी आम्ही तीन गोष्टी बोलून घेतो: कुणाला काय चुकवायचं नाही, कुठे वेगळं होता येईल, आणि बाइकला लागलं तर अनामत रकमेतून कापलेले पैसे कुणाचे. शेवटच्याचं उत्तर आमच्यात ‘सगळ्यांचे’ असं आहे. ज्याची बाइक त्याचं नुकसान, असं ठेवलं तर घाबरलेला माणूस आणखी घाबरून चालवतो, आणि घाबरलेलाच पडतो. आमच्या एका मित्राला हे पटत नाही. तो स्वतः कधी पडलेला नाही, त्यामुळे वर्गणी भरताना दर वेळी कुरकुरतो. त्या भांडणाचा निकाल अजून लागायचाय.